कँटोनीज जेवायला जाताना : नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ-दहा वर्षं महिन्यातला एक रविवार आमचं दुपारचं जेवण वाशीच्या एका छोट्या कँटोनीज हॉटेलात होतं. त्यामुळे नेरुळ, सीवूड्स, बेलापूरकडची ओळखीची मंडळी असं कुठे जायचं ठरलं की आदल्या रात्री मला फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. हॉटेलाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. इथलं सगळं कुठल्याही चांगल्या कँटोनीज स्वयंपाकघराला लागू पडेल.

कँटोनीज म्हणजे आपलं चायनीजच ना?

नाही. कँटन हे चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगझौ शहराचं जुनं नाव. ग्वांगदोंग प्रांताची ही राजधानी. पर्ल नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या मुलखात हे शहर आहे आणि हाँगकाँग, मकाव त्याच मुलखातले. भरपूर पाऊस, भातशेती, खाडी आणि समुद्राचे मासे, वर्षभर मिळणाऱ्या पालेभाज्या. हे वर्णन ऐकून तुम्हाला अलिबाग-पेण आठवलं असेल, तर मलाही तेच आठवतं.

आपण ज्याला चायनीज म्हणतो त्याचा उगम वेगळा. कोलकात्याच्या टांग्र्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी लोकांनी भारतीय जिभेसाठी तिखट-मसालेदार स्वयंपाक रुजवला. चिकन मंचुरियन तर मुंबईतच जन्मलं. १९७५ साली नेल्सन वांग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि तो पदार्थ देशभर गेला. मला तो आवडतो, पण तो ग्वांगझौमध्ये मिळणार नाही आणि कँटोनीज हॉटेलात त्याची वाट पाहू नये.

फरक एका वाक्यात सांगायचा तर कँटोनीज आचारी मूळ जिन्नसाची चव झाकत नाही. कोळंबी कोळंबीसारखी लागली पाहिजे, पालेभाजी पाल्यासारखी. म्हणूनच शिळा माल तिथे लगेच उघडा पडतो. खाली जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीवरून आलेलं आहे.

कँटनचा आणि मुंबईचा काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईची जहाजं कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात आणि चहा, रेशीम घेऊन परत येत. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी याच व्यापारासाठी समुद्रमार्गे कँटनला जाऊन आलेले. पारशी बायकांच्या गारा साड्यांवरचं भरतकामही त्याच वाटेने आलं. आपला ‘चहा’ हा शब्दही कँटोनीज ‘छा’च्याच कुळातला.

माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ साली बांधलेलं ‘सी यिप कून’ नावाचं चिनी मंदिर आहे. सी यिप म्हणजे चार परगणे. हे चारही परगणे ग्वांगदोंग प्रांतातले. तिथून आलेल्या दर्यावर्दी आणि गोदी कामगारांनी ते उभारलं. वाशीहून हार्बर लाइनने थेट डॉकयार्ड रोडला उतरलं की ते चालण्याच्या अंतरावर आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

हॉटेल खरोखर कँटोनीज आहे हे मेनूकार्डावरून कसं कळतं?

नवी मुंबईत निव्वळ कँटोनीज म्हणावीत अशी हॉटेलं मोजकीच. बहुतेक ठिकाणी मोठ्या मेनूकार्डातली दोन पानं कँटोनीज असतात. मी चार गोष्टी शोधते : कोळंबी भरून वाफवलेला हार गाऊ, तांदळाच्या पातळ चादरीच्या गुंडाळ्या म्हणजे च्युंग फान, आलं-कांद्याच्या पातीतला वाफवलेला अख्खा मासा, आणि नुसती लसूण घालून परतलेली हिरवी पालेभाजी. या चारांपैकी तीन दिसले तर आत आचारी जाणता आहे. मेनूकार्डात सुशी, थाई करी आणि पास्ता एकाच पानावर असेल तर मी मासा मागवायच्या फंदात पडत नाही.

डिमसम आणि मोमो यांत फरक काय?

मोमो तिबेट-नेपाळकडचा. मैद्याची पारी, आत सारण, बरोबर झणझणीत चटणी. डिमसम हे एका पदार्थाचं नावच नाही. चहाबरोबर खायच्या लहान लहान पदार्थांचा तो अख्खा वर्ग आहे, जसं आपण ‘फराळ’ म्हणतो. त्यात वाफवलेले, तळलेले, भाजलेले, गोड, खारे सगळे आले.

त्यातला राजा हार गाऊ, म्हणजे कोळंबीचा डिमसम. त्याचं आवरण पाहिलं की मला आईच्या कुरडया आठवतात. गहू भिजवून, वाटून, गाळून तळाला जो पांढराशुभ्र चीक बसतो, तेच गव्हाचं सत्त्व या आवरणात असतं. जोडीला ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याचं पीठ. त्यावर कडकडीत उकळतं पाणी ओतून उकड काढायची आणि हाताला चटके बसत असतानाच मळायची. मोदकाची उकड मळलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. चीक असल्यामुळे पिठाला मैद्यासारखा ताण नसतो, म्हणून आचारी लाटण्याऐवजी तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याने गोळी दाबून, फिरवून तिची चकती करतो. मग कोळंबी आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांचं सारण ठेवून एका बाजूने चुण्या घालतो. कमीत कमी सात चुण्या हव्यात आणि दहाच्या वर गेल्या तर उत्तम, असं जुने आचारी मानतात.

टोपली समोर आली की झाकण काढून आधी नुसतं पाहा. आवरणातून कोळंबीचा गुलाबी रंग दिसला पाहिजे. उचलताना तळ फाटता कामा नये. चावल्यावर कोळंबी कटकन तुटली पाहिजे. ती भुसभुशीत लागली तर ती जुनी आहे किंवा जास्त वाफवली गेली आहे. एकाच घासात खायचा. दोन घास केले की आतला रस ताटलीत जातो.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. सिउ माय वरून उघडा, पिवळ्या पारीचा. मुळात डुकराचं मांस आणि कोळंबी, आपल्याकडे बरेचदा चिकन-कोळंबी. छा सिउ बाउ म्हणजे भाजलेल्या गोडसर पोर्कचा पांढरा पाव, वरून कापसासारखा उमललेला. लो माय गाय म्हणजे कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात; पान उघडताना हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखाच वास पुढे येतो. आणि लो बाक गो. किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ एकत्र वाफवायचं, थंड झालं की वड्या पाडायच्या, मग तव्यावर खरपूस करायच्या. कोथिंबीर वडीची पद्धत जशीच्या तशी. मात्र त्यात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज घालायची रीत आहे, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारा.

किती मागवायचं?

एका टोपलीत साधारण तीन किंवा चार नग असतात. चौघांनी नुसतं डिमसमवर जेवायचं असेल तर आठ ते दहा टोपल्या पुरतात. मासा, भाजी, भातही घ्यायचा असेल तर चार टोपल्या बास. सगळं एकदम मागवू नका. पहिल्या चार टोपल्या संपत आल्या की पुढच्या सांगा, कारण थंड हार गाऊचं आवरण रबरासारखं होतं आणि मग बिचाऱ्या आचाऱ्याला नावं ठेवली जातात.

मुख्य जेवणातले पदार्थ सगळ्यांत मिळून खायचे असतात. टेबलावरची फिरती काच त्यासाठीच. प्रत्येकाने आपली आपली प्लेट मागवली की त्या जेवणाचा रंगच जातो. माणसं जितकी तितके पदार्थ हा हिशेब ठीक. एक मांसाचा, एक माशाचा, एक टोफूचा, एक पाल्याचा, आणि भात शेवटी.

चहा घ्यायलाच हवा का? तो बिनदुधाचा असतो ना?

घ्या. कँटोनीज लोक डिमसम खायला जाणं असं म्हणतच नाहीत. ते ‘याम छा’ म्हणतात, म्हणजे चहा प्यायला जाणं. खाणं त्या चहाच्या निमित्ताने. आमच्या घरी पहिल्या वेळी सगळ्यांनी थंड पेयं मागवली होती आणि तिसऱ्या टोपलीनंतर सगळ्यांची जीभ जड झाली. गरम चहा तोंडातलं तेल धुऊन काढतो आणि पुढच्या घासाला जीभ स्वच्छ करतो.

जास्मिनचा चहा सुवासिक आणि सौम्य, पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोपा. पु-अर गडद, मातकट वासाचा. तळलेलं, चरबीचं खाणार असाल तर तोच. शेवंतीच्या फुलांचाही चहा असतो, त्यात कॅफिन नसतं.

किटली रिकामी झाली की झाकण थोडं तिरकं करून ठेवायचं. जाणत्या हॉटेलात वेटर न सांगता गरम पाणी भरतो. आधी दुसऱ्याच्या कपात ओतायचं, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात. आपल्याला कुणी ओतलं तर दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची, हे त्यांचं ‘धन्यवाद’. दंतकथा अशी की छ्येनलोंग सम्राट वेश बदलून प्रजेत फिरत असताना त्याने सोबतच्या सेवकाला स्वतः चहा ओतला. साष्टांग नमस्कार घालावा तर राजाची ओळख उघडी पडणार, म्हणून सेवकाने बोटांचे गुडघे टेकवले. माझ्या पुतण्याला ही गोष्ट इतकी आवडली की तो घरी आमटी वाढली तरी टकटक करतो.

जेवण फिकं लागतं म्हणतात. शेझवान चटणी मागितली तर चालेल?

चालेल, कुणी रागावणार नाही. पण सिचुआन प्रांत ग्वांगझौपासून हजार किलोमीटरहून लांब आहे आणि आपली शेझवान चटणी तर तिथलीही नव्हे, ती इथलीच. वाफवलेल्या माशावर ती घालणं म्हणजे ताज्या पापलेटाच्या सारात टोमॅटो सॉस ओतणं. चटणी वेगळ्या वाटीत घ्या, पहिले दोन घास तिच्याशिवाय खा, मग ठरवा.

फिकं आणि सौम्य यांत फरक आहे. फिक्या पदार्थाला चवच नसते. सौम्य पदार्थाची चव यायला दोन घास जावे लागतात.

अख्खा वाफवलेला मासा मागवावा का? महाग असतो.

एकच पदार्थ घ्यायचा असेल तर हाच घ्या. या उत्तराला मी जास्त जागा देणार आहे.

माझे सासरे दिवाळे कोळीवाड्यातले. मासा त्यांना डोळा बघून आणि गालफडं उचलून कळतो. पहिल्यांदा त्यांना नेलं तेव्हा ‘उकडलेला मासा आजाऱ्याला देतात’ म्हणून ते गप्प बसून होते. मग तो ताट भरून जिताडा आला. वर आल्याच्या आणि कांद्याच्या पातीच्या केसासारख्या बारीक काड्या. वेटरने छोट्या कढल्यातलं धुरावलेलं तेल त्यावर ओतलं. चर्र असा आवाज झाला, पात जागच्या जागी आकसली आणि आल्याचा वास टेबलभर पसरला. बाजूने पातळ, किंचित गोडसर सोया सॉस. बाबांनी मानेजवळचा तुकडा काढला. मांस काट्यापासून जेमतेम सुटत होतं, काट्यालगत अगदी फिकट गुलाबी छटा होती. ते म्हणाले, “सकाळचाच आहे.” तेवढंच. पुढच्या महिन्यात त्यांनीच विचारलं, रविवारी जायचं ना?

यातली सगळी करामत वेळेची. साधारण सहा-सातशे ग्रॅमचा मासा जोरात उकळत्या पाण्याच्या वाफेवर आठ-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. वाफवताना ताटात जमलेलं पाणी फेकून द्यायचं, कारण सगळा हिवस वास त्यात असतो. घरी करून पाहिलात तर ही एक गोष्ट विसरू नका.

मागवण्याआधी तीन प्रश्न विचारा. आज कोणता मासा आला आहे? ताजा की बर्फातला? अख्खा दाखवता का? चांगल्या हॉटेलात ट्रेमधून आणून दाखवतात. बासाचे तुकडे असतील तर सोडून द्या. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पापलेट-रावस बहुधा शीतगृहातला असतो. त्या दोन महिन्यांत रायगडातल्या तळ्यांत पाळलेला जिताडा मिळाला तर तो बरा.

आणखी एक. वरची बाजू संपली की कँटोनीज माणूस मासा उलटत नाही. मासा उलटला तर नाव उलटते, ही तिथल्या दर्यावर्दी लोकांची समजूत. मधला काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचं मांस खायचं. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि दोन बोटांनी काटा अख्खा उचलून दिला.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. आमच्यासाठी काही आहे का?

भरपूर आहे, पण नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी माझ्या आईसाठी, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, बॉक चॉयची भाजी मागवली. मेनूत हिरवा ठिपका होता. आईने अर्धी खाल्ल्यावर मला चवीवरून शंका आली. स्वयंपाकघरात विचारायला लावलं, तर सॉस ऑयस्टरचा निघाला, म्हणजे कालवांचा. “थोडाच घालतो मॅडम,” असं उत्तर मिळालं. आई काही बोलली नाही, पण ती त्यानंतर वर्षभर आमच्याबरोबर बाहेर जेवायला आली नाही. तो चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे उत्तर पोटतिडकीने लिहिते आहे.

ऑयस्टर सॉस १८८८ साली ग्वांगदोंगमध्येच जन्मला. कँटोनीज स्वयंपाकात तो आपल्या गोडा मसाल्याइतका मुरलेला आहे. त्याला शिताके मशरूमपासून केलेला शाकाहारी पर्याय बाजारात मिळतो आणि चवीला छान असतो. तेव्हा ऑर्डर देताना थेट विचारा : ऑयस्टर सॉस मशरूमचा आहे का? सूपचं पाणी चिकनचं आहे का? नूडल्समध्ये अंडं आहे का? एक्सओ सॉस कशात आहे? (या सॉसमध्ये सुकवलेले शिंपले, सुकी कोळंबी आणि हॅम असतं, त्याला शाकाहारी समजू नका.) तळणीचं तेल वेगळं आहे का? कॅप्टन अडखळला तर “आचाऱ्यांना विचारून सांगा” म्हणा. यात संकोच वाटायचं कारण नाही.

काय खावं? मशरूम किंवा भाज्यांचे डिमसम, लसणीतला चॉय सम किंवा बॉक चॉय, मऊ टोफू, शाकाहारी च्युंग फान. आणि मिळालं तर लो हान जाय. बौद्ध मठांतून आलेला हा भाज्या, टोफू, मशरूम, काचेसारख्या शेवया यांचा पदार्थ चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी घरोघरी करतात. मठाच्या रीतीप्रमाणे त्यात कांदा-लसूण नसते.

जैन जेवण मिळेल का?

परतलेल्या भाज्या आणि भात कांदा-लसणीशिवाय करून मिळतात. आलंही चालत नसेल तर ते वेगळं सांगा, कारण ते आचाऱ्याच्या हातून सवयीने पडतं. डिमसमचं सारण मात्र सकाळीच तयार झालेलं असतं, आयत्या वेळी त्यातून लसूण काढता येत नाही. आदल्या दिवशी फोन करा.

अजिनोमोटो घालतात का? त्याने त्रास होतो ना?

अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून तो वेगळा केला. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मशरूममध्ये निसर्गतः असतं. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर मान बधिर होते, धडधडतं, असं एक पत्र छापून आलं आणि तिथून ही धास्ती जगभर पसरली. नंतरच्या चाचण्यांत, काय दिलं आहे हे न सांगता खायला दिल्यावर, तो त्रास सातत्याने दिसला नाही.

तरी नको असेल तर सांगा, तुमचा हक्क आहे. मी स्वतः सांगते ते वेगळ्या कारणाने. चांगल्या हॉटेलात सुपाचं पाणी तासन् तास उकळलेलं असतं, त्याला या पुडीची गरज नसते. रक्तदाब असलेल्यांनी मात्र सोया सॉसच्या मिठाकडे जास्त लक्ष द्यावं.

पोर्क आणि बीफचं काय?

पोर्क कँटोनीज स्वयंपाकाचा कणा आहे, तेव्हा चालत नसेल तर बसतानाच सांगा. सिउ माय, पाव, मुळ्याच्या वड्या यांत ते न दिसता असू शकतं. महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे मूळचे बीफचे पदार्थ इथे चिकनचे किंवा म्हशीच्या मांसाचे असतात. मॅरिनेशनमध्ये तांदळाची दारू वापरतात, तीही वर्ज्य असेल तर विचारून घ्या.

ॲलर्जी असेल तर?

कोळंबी, शिंपले, शेंगदाणे, तीळ, सोया, गहू हे सगळं तिथे पावलोपावली आहे. सोया सॉसमध्येही गहू असतो. कोळंबीची गंभीर ॲलर्जी असलेल्यांनी डिमसमच्या वाटेला जाऊ नये, कारण टोपल्या एकावर एक रचून एकाच वाफेवर शिजतात.

कोंबडीचे पाय खरंच खातात?

खातात, आणि आवडीने. नाव ‘फुंग जाउ’, फिनिक्स पक्ष्याचे पंजे. आधी तळतात, मग थंड पाण्यात टाकून कातडी फुगवतात, मग आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या रसात वाफवतात. खायचं असतं ते कातडी आणि कूर्चा. ज्यांना बकऱ्याचे पाये आवडतात त्यांनी बिनधास्त मागवावेत.

चॉपस्टिक्स येत नाहीत.

चमचा मागा. फक्त एक लक्षात ठेवा, भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवू नका. मृतांपुढे उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं. आपण कुणाला दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसवत नाही, त्याच जातीचा हा संकेत.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत, त्यांना काय द्यावं?

जुक. तांदूळ भरपूर पाण्यात इतका वेळ शिजवायचा की दाणा विरघळून जातो. आपली पेजच, फक्त जास्त दाट आणि रेशमी. वर आल्याच्या काड्या, माशाचे पातळ काप किंवा चिकन. मालवणी घरात पेजेबरोबर सुकं मासळीचं तोंडीलावणं असतं, तसं तिथे तळलेली पिठाची लांब काडी बुडवून खातात. दात नसलेल्या आजींपासून वर्षाच्या बाळापर्यंत सगळ्यांना चालतं. आजारपणानंतर पहिल्यांदा बाहेर जेवणाऱ्यांनाही मी हेच सुचवते.

फ्राइड राइस घरच्यासारखा का लागत नाही?

आचेमुळे. कढई धूर येईपर्यंत तापवून, भडक्या जाळावर भात सतत उडवत राहिलं की त्याला एक खरपूस, धुरकट वास लागतो. कँटोनीज त्याला ‘वॉक हेय’ म्हणतात, कढईचा श्वास. चुलीवरच्या भाकरीला जो वास असतो आणि गॅसवरच्या भाकरीला नसतो, तोच हा फरक. तो काही मिनिटांत उडून जातो, म्हणून परतलेला भात किंवा नूडल्स आले की फोटो नंतर काढा. तिथल्या पातळ पिवळ्या नूडल्सना जो करकरीतपणा असतो तो खारामुळे. आपण पापडात पापडखार घालतो तशाच जातीचा क्षार त्या पिठात असतो.

कधी जावं?

डिमसमसाठी दुपारीच. साडेबाराच्या आत बसलात तर सकाळी केलेला माल पहिल्या हाताचा मिळतो. रविवारी टेबल आधी सांगून ठेवा, नाहीतर पार्किंग आणि रांग यातच भूक मरते. ठाण्याहून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर लोकल गाडीपेक्षा सोपी पडते.

चिनी नववर्षाच्या आसपास काही ठिकाणी खास पदार्थ असतात. २०२६मध्ये ते १७ फेब्रुवारीला होतं. श्रावणात आमच्या घरी मांस-मासा बंद, तेव्हा मी त्या महिन्यात मुद्दाम शाकाहारी मैत्रिणींना घेऊन जाते. गर्दी कमी असते आणि आचाऱ्याला भाज्यांकडे लक्ष द्यायला वेळ असतो.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला तो आपोआप बिलात लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. आणि सेवा चांगली वाटली तर टीप रोख, थेट वेटरच्या हातात द्या. गरम वाफेत आठ-आठ तास उभं राहणाऱ्या आतल्या मुलांसाठीही काही ठेवा.

गोड काय घ्यावं?

आंबा, साबुदाणा आणि पपनस यांचं गार मिश्रण मिळालं तर दुसरं काही बघू नका. १९८०च्या दशकातला हा हाँगकाँगी पदार्थ, पण तिन्ही जिन्नस आपल्या घरचे. गणपतीत आणलेलं पपनस उरलं की मी आमरसात तो घरीच करते. अंड्याचा टार्ट गरम असेल तरच घ्या. तिळात घोळवून तळलेले गोळे दोघांत एक पुरतात.

उरलेलं डिमसम घरी आणलं तर गरम कसं करायचं?

मायक्रोवेव्ह नको, आवरण चामड्यासारखं होतं. मोदकपात्र काढा. चाळणीला तेलाचा हात लावा किंवा हळदीचं, नाहीतर कोबीचं पान अंथरा. पाणी खळखळून उकळलं की डिमसम सुटे सुटे मांडा आणि झाकण लावून चार मिनिटं ठेवा; फ्रिजमधले असतील तर सहा. झाकण उचलताना ते सरळ बाजूला घ्या, वाफेचं पाणी आवरणावर ठिबकू देऊ नका. मुळ्याच्या वड्या असतील तर त्या वाफवू नका, लोखंडी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजा. मासा घरी आणू नका, तो तिथेच संपवा.